खिडकीचे चौदा गज

तपासणीच्या खोलीतल्या खिडकीला गज नव्हते.

गोष्ट एवढीच. पण एवढ्यावर कोण हळहळणार? तेव्हा मागे जाऊया.

मागे म्हणजे तीन महिने. इस्त्रीवाली आपल्या लेकीचं मनगट धरून शिकवणीच्या बाईंच्या दारात उभी राहिली. लेकीला घरात ठकी म्हणत. दुसरीतली पोर, सात अधिक पाच म्हटलं की डोळ्यांत पाणी.

“शाळेनं चिठ्ठी दिलीय, बाई. तपासणी आहे, दहा गणितं घालणार. सहा आली तर तिसरीत, नाहीतर पुन्हा पहिलीत. अहो, पहिलीत हिचा धाकटा भाऊ आहे! त्याच्या शेजारी बसवायची हिला?”

“मी नाही बसणार,” ठकी म्हणाली. “तो माझ्या बाहीला नाक पुसतो.”

बाईंनी मणी दिले. ठकीने त्यांची माळ ओवली. बोटं मोज म्हटलं, तर हात पाठीमागे. बोटं मोजते म्हणून वर्गात पोरं हसली होती. पहिला महिना पालथ्या घड्यावर पाणी.

मग दुसऱ्या महिन्यात काय झालं कोण जाणे, गाडी रुळावर आली. नऊ अधिक चार? तेरा. चौदा वजा सहा? आठ. खोड एकच, उत्तराआधी खिडकीकडे बघायची.

“बाहेर काय माकडं नाचतायत?”

“नाही, बाई.”

“मग?”

मग काही नाही. इस्त्रीवालीला मात्र आभाळ ठेंगणं झालं. “तुमच्या हाताला यश आहे, बाई,” ती म्हणाली, आणि बाईंनी मान डोलावली.

यानंतरचं बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. इथे सांगावं लागतंय.

तपासणीला चार दिवस होते. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून बाईंनी पडदा ओढला. आठ अधिक तीन? ठकी गप्प. बरं, पाच अधिक दोन? ठकी पेन्सिल चावायला लागली. बाईंनी पडदा बाजूला सारला.

“अकरा. आणि सात,” ठकी एका दमात म्हणाली.

बाईंनी खिडकीकडे नीट पाहिलं. लोखंडी गज. मोजले. चौदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकीला खिडकीकडे पाठ करून बसवलं. दहातलं एक आलं.

“मला येत होतं ना, बाई?”

“येत होतं गं.”

“मग कुठे गेलं?”

मणी नकोत, बोटं नकोत आणि दिवस तीन. निदान पोरीचा धीर तरी खचू नये म्हणून त्यांनी खुर्ची पुन्हा फिरवली. शाळेच्या खिडकीला गज असतीलच की. कुठल्या खिडकीला नसतात?

या. हे दार. ही तपासणी.

समोर खिडकीला सरकती काच. आरपार, स्वच्छ, अख्खी.

“मॅडम, हिला मोजायला समोर काहीतरी ठेवू का? काड्या, खडू, काहीही?”

“आणि आम्ही तपासायचं काय? काड्या?” तपासणीच्या मॅडम हसल्या. वाईट नव्हत्या. “बाहेर बसा, बाई. होईल सगळं छान.”

दाराच्या फटीतून ठकी दिसत होती. तिने कागद पाहिला. खिडकी पाहिली. भिंत पाहिली, छत पाहिलं. मग मान वळवून बाईंना पाहिलं. बाईंचे दोन्ही हात आपोआप वर आले, दहा बोटं पसरलेली. तेवढ्यात मॅडमनी दार लावलं.

जिन्याला कठडा होता. गजांचा. बाई मोजत राहिल्या. सोळा. पुन्हा मोजले. सोळाच.

इस्त्रीवाली धापा टाकत जिना चढून आली. बोटाला ताजा चटका.

“उशीर झाला, बाई. बसली का? कुठे बसवलीय?”

“खिडकीसमोर.”

“खिडकीसमोर!” तिने छातीवर हात ठेवला. “मग काळजी नाही. आमच्या ठकीला खिडकी लागतेच.”

बाईंनी तोंड उघडलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“हो,” बाई म्हणाल्या. “लागते.”