कापलेलं वाक्य

कौटुंबिक खटले चालवणाऱ्या त्या वकीलबाईंनी पॉडकास्ट सुरू केला तो वैतागून. कोर्टाच्या जिन्यात, बाकावर, कधी स्वच्छतागृहाच्या आरशासमोरसुद्धा बायका त्यांना गाठून तेच ते विचारायच्या. मुलं कुणाकडे राहतील? घर कुणाचं? "एकदाच बोलून ठेवते, ज्याला हवं त्यानं ऐकावं," असं नवऱ्याला सांगून त्यांनी माइक विकत आणला.

घरात आवाज घुमत नाही अशी जागा एकच, कपड्यांचं कपाट. दोन्ही दारं उघडून, लटकलेल्या कपड्यांत तोंड घालून त्या बोलायच्या. "आजवर भिंतींना कान होते, आता कपाटालाही फुटले," सासूबाई म्हणायच्या.

ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात त्यांची धाकटी बहीण, तीही झोप लागावी म्हणून लावायची. तरी घसा बसलेला असो की सकाळी सुनावणी असो, बाईंनी एकही आठवडा चुकवला नाही. आणि मग 'घर सोडू नका' हा भाग वाऱ्यासारखा पसरला. अनोळखी बायका रस्त्यात थांबवून हात हातात घेऊ लागल्या.

एका दुपारी ऑफिसात एक माणूस आला. हातात हेल्मेट, चेहरा ओढलेला.

"घर सोडू नका म्हणणाऱ्या त्या तुम्हीच का?"

कौतुकाची आता सवय झाली होती. बाई हसल्या. "हो. बसा ना."

"बसायला नाही आलो. माझी बहीण दवाखान्यात आहे. नवऱ्यानं जबडा मोडलाय तिचा. मागच्या महिन्यात मी तिच्या दारात उभा होतो, चल म्हणून पाया पडलो. तिनं मला तुमचा आवाज ऐकवला. म्हणाली, दादा, बाहेर पाऊल टाकलं तर सगळं हातचं जाईल, वकीलबाईच सांगतायत."

"पण मारहाण होत असेल तर आधी जीव वाचवा, असं सांगितलंय मी त्यात!"

त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला. "कुठे ते दाखवा."

दोघांनी अख्खा भाग ऐकला. ते वाक्य त्यात नव्हतं. त्यानं मोबाइल उचलला आणि बाईंनी विचारलं म्हणून दवाखान्याचं नाव तेवढं सांगून गेला.

घरी येऊन बाईंनी मूळ रेकॉर्डिंग काढलं. वाक्य होतं. नेमकं तिथेच त्यांची जीभ अडखळली होती आणि बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत गेला होता. कानाला खटकलं म्हणून तो तुकडा त्यांनीच कापला होता. पुन्हा बोलून जोडू म्हणाल्या आणि राहून गेलं.

दवाखान्यात त्याची बहीण डोळे मिटून पडली होती. दात तारेनं बांधलेले. वाटभर मनात जुळवलेले शब्द बाईंना आठवेनात. "मी..." एवढंच त्या म्हणाल्या आणि आवाज ओळखून तिनं डोळे उघडले. धडपडत उठून बसली, चादर सारखी केली, मोबाइलवर टाइप करून समोर धरलं. 'तुम्ही आलात! मी तुमचे सगळे भाग ऐकलेत.'

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. ती रागावली असती तर बाईंना तिच्यासमोर उभं राहता आलं असतं.

तिची केस त्यांनी एका वकील मैत्रिणीकडे सोपवली आणि सगळा पॉडकास्ट काढून टाकला. नवरा म्हणाला, "अगं, एका वाक्यासाठी सगळंच?"

"एका वाक्यानंच झालं ना रे."

पुन्हा कपाटासमोर बसायचं त्यांना धाडस झालं नाही. निरोप येत राहिले, त्यांनी उघडले नाहीत.

एका सकाळी तिचाच फोन आला. तारा निघाल्या होत्या, शब्द अजून जड येत होते.

"बाई, तो भाग का काढलात?"

"आणखी कुणाचं वाटोळं व्हायला नको म्हणून."

"काढून काय होणार? माझ्या त्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना मीच तो पाठवला होता. त्यांनी मोबाइलमध्ये ठेवलाय, पुढे कुणाकुणाला पाठवलाय. त्यांचा नवराही तसलाच. निघा म्हणून मी रोज फोनवर सांगते. त्या म्हणतात, तुझं काय ऐकू, वकीलबाई वेगळं सांगतात." ती दम घ्यायला थांबली. "आता तुम्हीच सांगा."

बाईंनी पत्ता घेतला आणि हातातलं काम टाकून गेल्या. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. गाऊनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, एक डोळा सुजलेला.

"मी वकीलबाई. तुम्ही ऐकलेलं अर्धवट आहे, चूक माझी आहे. चला माझ्याबरोबर. चप्पल नसली तरी चालेल. घराचं नंतर बघू, कोर्ट कुठे पळून जात नाही."

वहिनींनी आवाज ओळखला. आत वळून पाहिलं. "आज नको. ते घरात आहेत. उद्या बघते." दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

बाई जिन्याकडे वळल्या. मग तिथेच पायरीवर बसून, माइक नाही, काही नाही, मोबाइलवरच ते कापलेलं वाक्य रेकॉर्ड करायला लागल्या. जीभ अडखळली, खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, त्या थांबल्या नाहीत.

पॉडकास्ट परत सुरू आहे. प्रत्येक भागाच्या आधी त्या तेच वाक्य सांगतात, आणि किती वेळा तेच तेच, अशी लोकांची तक्रार येते. वहिनी अजून त्याच घरात आहेत.