‘जागा नाही’ म्हणणारी पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तुम्ही पेन्सिलीने गिरवता तसली नव्हे, फाटकावर टांगायची. माझ्या एका अंगावर ‘जागा आहे’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्या अंगावर ‘जागा नाही’. एवढ्या दोनच गोष्टी मला बोलता येतात. पण मित्रांनो, या दोन गोष्टींवरून मी जितकी बोलणी खाल्ली, तितकी एखाद्या भांडखोर माणसानेही खाल्ली नसतील.

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या फळीतून झाला. चोवीस घरांची नवी वसाहत उभी राहत होती. सुताराने चोविसावे दार बसवले, हातातला तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “हिला जाळण्यापेक्षा कामाला लावू.” मग रंगारी आला. त्याने ‘जागा आहे’ या बाजूला एक हात जास्त दिला. का, तर म्हणे हीच बाजू वर्षानुवर्षे उन्हात राहणार. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. वसाहत गावाच्या टोकाला, दगडाच्या बंद पडलेल्या खाणीशेजारी. दिवसभर धूळ उडायची आणि पाण्यासाठी टेकाड उतरावे लागायचे. “तिथे कोण मरायला जाणार!” असे लोक म्हणत आणि मी ‘जागा आहे, जागा आहे’ म्हणत दोन वर्षे लोंबकळत राहिले. कोणी ढुंकूनही बघत नव्हते.

जे आले ते दुसरीकडे कुठे सोय लागली नाही म्हणून आले. पण आले ते कंबर कसून. त्यांनी पंप बसवला, खाणीच्या कडेने झाडे लावली, जिने आळीपाळीने धुतले. आणि एक नामी पद्धत पाडली. तिचे नाव ‘पाळीचे घर’. रोज एका घराची पाळी. त्या दिवशी त्या घरातले एक माणूस कामावर जायचे नाही. ज्यांचे आईवडील कामाला गेले आहेत ती मुले, ज्यांच्याजवळ कोणी नाही ती म्हातारी माणसे, सगळी त्या घरात. चोवीस दिवसांतून एक दिवस आपण सांभाळायचे, तेवीस दिवस निर्धास्त. किल्लीवाल्या काकूंनी ही पद्धत सुरू केली. वसाहतीच्या सगळ्या जादा किल्ल्या त्यांच्या कमरेला असत, म्हणून त्यांना तसे नाव पडले. मला फिरवायचा हक्कही त्यांचाच.

हळूहळू वसाहतीचे नाव झाले. घरे भरली. एके दिवशी काकूंनी मला उलटे फिरवले आणि टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मी ‘जागा नाही’ झाले.

आणि मित्रांनो, दुसऱ्याच दिवसापासून टीका सुरू झाली!

जोवर इथे कोणी येत नव्हते, तोवर लोक आमची कीव करत. यायला मिळेना, तशी नावे ठेवू लागले. “भिंती कागदासारख्या आहेत म्हणे.” “शिंकायलासुद्धा समितीची परवानगी लागते.” “स्वतःला काय समजतात कोण जाणे!” मी फाटकावर असल्यामुळे पहिला मान माझा. मला वाचून लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण खरे सांगायचे तर आमची माणसेही काही कमी नव्हती. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी जिन्याचे कौतुक ऐकवायची. बाजारात गेली तरी “आमच्याकडे असं नसतं हं,” हे वाक्य पिशवीबरोबर घेऊन जायची. ऐकणाऱ्याचे डोके फिरेल नाही तर काय?

टीका कानावर आली की सात नंबरचे मास्तर एकच म्हण काढत, “फळं असलेल्या झाडालाच लोक दगड मारतात.” सगळे मान डोलवत. वर्षानुवर्षे आमच्या वसाहतीचे पोट या एका म्हणीवर भरत होते.

आता माझ्या मनातली खरी सल सांगते. चार वर्षांपूर्वी सतरा नंबरमध्ये एकटेच राहणारे आजोबा आपल्या मुलाकडे कायमचे राहायला गेले. घर रिकामे झाले. काकू मला फिरवायला आल्यासुद्धा होत्या. तेवढ्यात कोणी म्हणाले, “काकू, चार दिवस थांबा. बहिणीकडचे येतायत, तिथे उतरवते.” चार दिवसांनी दुसऱ्या कोणाचे व्याही आले. मग आमच्या लोकांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्याचीही पाळी लावली. या महिन्यात यांचे पाहुणे, पुढच्या महिन्यात त्यांचे. एकदा पाळी लागली की आमच्याकडे ती गोष्ट हक्काची होते. सतरा नंबर रिकामे आहे, हे कोणाच्या मनातही येईना. मी मात्र जागच्या जागी खोटे बोलत होते. लाकडाला लाज नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी चार वर्षे उन्हात उभे राहून खोटे बोलून पाहावे.

गेल्या वर्षी एक बाई येऊ लागली. पावाच्या भट्टीत कामाला होती. सकाळी दहाला काम सुटले की अंगावरच्या पिठासकट यायची, मला वाचायची आणि समोरच्या दगडावर थोडी टेकायची. मग जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल असे बोलायची. “एवढी चांगली माणसं आहेत ना ही? आहेत खरी. पण फक्त एकमेकांपुरती!” आमच्या लोकांनी तिचे नाव ‘टीकाबाई’ ठेवले. मुले तिची नक्कल करत. मोठी माणसे हसत. मास्तर झाडाची आणि दगडांची म्हण काढत.

अकरा महिने ती येत राहिली. हटली नाही. एके दिवशी काकू फाटकाला तेल घालत होत्या, तेव्हा ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिली.

“बाई, जागा नाही,” काकू वर न बघताच म्हणाल्या. “पाटी वाचता येते ना?”

“पाटी येते वाचता. खिडक्यापण येतात,” ती म्हणाली. “अकरा महिने बघतेय, सतरा नंबरच्या दोरीवर महिन्यातले चार दिवस टॉवेल दिसतो, तोही दर वेळी वेगळ्याच माणसांचा; एरवी दोरी कोरडी. तिथे कोण राहतं, काकू?”

काकूंनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“माझे बाबा सगळं विसरतात आता,” बाई पुढे बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता, पण मागे हटणाराही नव्हता. “मी कामावर जाताना बाहेरून कडी लावून जाते. स्वतःच्या बापाला कोंडून जाते मी, काकू. परवा त्यांनी शेगडी पेटवली आणि विसरले. पडदा पेटला. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं म्हणून वाचले. भट्टी सोडली तर खायचं काय? तुमच्याकडे पाळीचं घर आहे म्हणून मी इथे येते. मला तुमच्या जिन्याचं काही कौतुक नाही.”

काकूंनी बुधली उचलली. फाटक लावून आत गेल्या. बाई दगडावर बसून रडली. मी तिच्यासमोर ‘जागा नाही’ म्हणत लटकत होते. त्या क्षणी कोणी मला उतरवून चुलीत घातले असते, तरी मी हूं की चूं केले नसते.

रविवारी सकाळी काकूंनी फाटकाशीच सगळ्यांना बोलावले. “सतरा नंबर द्यायचंय,” एवढेच म्हणाल्या. आणि काय विचारता! माझ्या भावाची पाळी दोन महिन्यांनी आहे, आमचे पाहुणे कुठे उतरणार, आज एकीला दिले तर उद्या रांग लागेल, असा एकच गलका झाला. आणि वरून, “जी आपल्याला शिव्या देते तिलाच घर द्यायचं?”

मास्तर घसा साफ करून म्हणाले, “काकू, मी नेहमी सांगतो, फळं असलेल्या झाडाला...”

“मास्तर, पुरे आता ते झाड!” काकू कडाडल्या. त्यांना एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. “दगड मारणारे वेगळे. ती दार वाजवत होती. आपण दोन्ही आवाज सारखेच धरले. बाहेरचे दहा जण बोलतात, त्यातले नऊ जळून बोलत असतील. पण दहावा खरं बोलतो, आणि आपण त्या नऊ जणांच्या नावाखाली त्याचंही तोंड बंद केलं. पुढच्या महिन्यात माझ्याच लेकीची पाळी आहे तिथे. ती माझ्या पलंगावर झोपेल, मी खाली झोपेन. आणखी कोणाची अडचण आहे?”

काकूंनी स्टूल आणले, त्यावर चढल्या आणि मला फिरवायला गेल्या. पण माझी साखळी गंजून कडीला घट्ट धरून बसली होती. काकूंनी हिसडा दिला, मी हलले नाही. पक्कड आणली, ती घसरली. साठी उलटलेली बाई घामाघूम झाली, पण स्टुलावरून उतरायला तयार होईना. मीही माझ्या परीने ताकद लावत होते. पण लाकडाची ताकद ती किती? शेवटी मास्तर पुढे झाले. त्यांनी एका हाताने स्टूल धरले आणि दुसऱ्या हाताने हातोडी वर दिली. तिसऱ्या घावाला साखळी सुटली. ‘जागा आहे’ ही बाजू इतकी वर्षे फाटकाकडे होती, त्यामुळे तिचा रंग कालच दिल्यासारखा होता.

सोमवारी दहाला बाई आली. नेहमीप्रमाणे तिने मान वर केली. मग पदराने डोळे पुसून पुन्हा वाचले. काकू फाटकात किल्ली घेऊन उभ्याच होत्या.

आता ती सतरा नंबरमध्ये राहते. तिच्या दोरीवर रोज ओले कपडे असतात. स्वतःची पाळी ती कधी चुकवत नाही, आणि तिचे तोंड अजून तेवढेच फटकळ आहे. समितीत तिला मुद्दाम घेतले आहे. बाहेर कोणी नावे ठेवताना दिसला की ती फाटक उघडून त्याच्याकडे जाते आणि विचारते, “आमचं नेमकं काय चुकतं, ते सांगा. जळत असाल तर चहा घेऊन जा. खरं असेल तर बसून बोला.” निम्मे लोक चहा घेऊन जातात.

चोवीस घरे भरली, तशी मी पुन्हा ‘जागा नाही’ झाले. पण या वेळी काही बोचत नाही, कारण ते खरे आहे. लोक अजूनही आमच्यावर टीका करतात. करोत बापडे. काकू दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चोवीस दोऱ्या बघून येतात आणि मगच मला हात लावतात.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे. साखळी नवी आहे, पण मी जुनीच. मला रंग द्या असे मी म्हणणार नाही. मागायचेच तर एवढेच मागते, की तुमच्या दारावर जे लिहाल ते खरे ठेवा, आणि बाहेर कोणी ओरडत असेल तर तो दगड मारतो आहे की दार वाजवतो आहे, हे एकदा उघडून बघा.

रोज सकाळी बाईचे बाबा फिरत फिरत फाटकापर्यंत येतात. मान वर करून मला एकेक अक्षर लावून वाचतात. त्यांचा चेहरा पडतो. “जागा नाही इथे,” ते स्वतःशीच म्हणतात. “चला, दुसरीकडे बघू.” आणि ते वळायच्या आत ज्या घराची पाळी असेल तिथले कोणीतरी धावत येते, त्यांचा हात धरते आणि म्हणते, “बाबा, ते बाहेरच्यांसाठी आहे. तुमची जागा आत आहे.”

काल मास्तरांची पाळी होती.