बारा घावांचा तक्ता

मित्रांनो, मी तागाचा एक जुना तक्ता आहे. कागदोपत्री माझे नाव पॅनेल, पण आमच्या मोरवा गावात मला सगळे तक्ताच म्हणतात. माझ्या अंगावर पोचे आहेत. बघायला जरूर या, पण हात जपून लावा, काही अजून दुखतात.

माझा जन्मच मारझोडीतून झाला. मिठागराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उत्तम नावाच्या इंजिनियरने नोकरी सोडून एकच ध्यास घेतला होता. ताग आणि नारळाचा काथ्या यांचे तक्ते करायचे, ते नटबोल्टने जोडायचे आणि सिमेंट-विटांशिवाय दोन दिवसांत घर उभे करायचे. उद्या जागा बदलली तर तेच घर सोडवून दुसरीकडे न्यायचे. कल्पना छान होती, पण माझे थोरले भाऊ खाडीच्या दमट हवेत महिनाभरात फुगून कुजले.

ते पाहून जिजाबाई खो-खो हसली. ही मोरव्याची कोळीण शेडमध्ये ताग विंचरायला येत असे.

"माजा बापूस तागाचं जाळं ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळायचा," ती म्हणाली. "तुमी ताग तसाच वापरलाव. तो कुजणार न्हाय तर काय करणार?"

मग काय विचारता! मला आधी लोखंडी दातांनी विंचरले, मग सालीच्या लालभडक पाण्यात दिवसभर उकळले. पुढे काजूच्या टरफलाच्या तेलाची राळ पाजून तापलेल्या प्रेसमध्ये असे काही चेपले की माझा श्वासच गेला. बाहेर आलो तो तपकिरी, टणक आणि भलताच रागीट.

एवढ्यावर भागले नाही. उत्तमने मला चौकटीत आवळले आणि पाच किलोचा हातोडा उचलला. एक, दोन, तीन... मोजून बारा घाव घातले. प्रत्येक तक्त्याला तो बारा घाव घालीच. मारताना पुटपुटायचा, "तुझ्यामागे कोणीतरी झोपणार आहे, बाबा." मला वाटायचे, मारकुट्या माणसाचा हा बहाणा आहे. त्याचा मला मनापासून तिटकारा आला.

२००७ साली जिजाबाईच्या घराची मातीची भिंत खचली. उत्तमने तिला तिथेच तक्त्यांचे घर जोडून द्यायचे ठरवले. मला दाराशेजारची जागा मिळाली. तीन बाजू पुऱ्या झाल्या आणि उत्तम मलेरियाने आडवा झाला. मागच्या बाजूला नुसती ताडपत्री राहिली.

उत्तमचा भागीदार पराग मनाचा चांगला, पण फार घाईचा. वरसाव्याला एका बांधकामाच्या साइटवर ऑफिसच्या केबिन हव्या होत्या, त्याही पांढऱ्याशुभ्र. सालीने रंग काळपटतो म्हणून त्याने साल वगळली आणि ताग ब्लीचमध्ये बुडवला. पोचे दिसतील म्हणून हातोडाही वगळला. चाळीस तक्ते तयार झाले. त्यातले दोन त्याने जिजाबाईच्या मागच्या भिंतीला प्रेमाने लावून दिले.

"मावशी, बघ, फ्लॅटसारखी भिंत झाली!"

जिजाबाईने त्या दोघांना हळदकुंकू लावले. माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी जळफळलो, खोटे का बोलू?

जिजाबाईच्या घराच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता. जिजाबाईचा नवरा जानू याने ती विकायला दोनदा नकार दिला होता. एका दुपारी, पुरुषमाणसे समुद्रावर गेली असताना, त्याने पाठवलेले चार जण घण घेऊन आले. घरात जिजाबाई, तिची सून रीमा आणि रीमाचे सात महिन्यांचे बाळ होते.

"ए बुढिया, बाहर निकल! घर खाली कर!"

"न्हाय निघत! काय करशीला ते करा!" तिने आतून कडी घातली आणि दाराला ट्रंक लावली.

पहिला घण माझ्या छातीवर बसला. मी वाकलो आणि परत सरळ झालो. दुसरा, तिसरा. राळेला तडे गेले, पण आत तागाचा धागान्‌धागा एकमेकाला धरून होता. बारापर्यंत मला सवय होती. तेरावा घाव माझ्यासाठी नवा होता. तोही मी सोसला. घण मारणाऱ्याच्या तळहाताची साले निघाली, तो शिव्या देत थांबला.

मग त्यांच्यातला एक मागच्या बाजूला गेला.

एकच घाव. पांढरा तक्ता खारी बिस्किटासारखा फुटला आणि घण आरपार गेला. भिंतीला टेकून रीमा बाळाला कवटाळून बसली होती. बाळाच्या डोक्यावर तिचा उजवा हात होता, कोपर भिंतीला टेकलेले. घण त्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी दारापाशी ऐकला, आणि मागोमाग तिची किंकाळी.

त्या किंकाळीने मासळी सुकवणाऱ्या बायका कोयते घेऊन धावल्या. एकाचे डोके फुटले, बाकीचे पळत सुटले. बाळाला खरचटलेही नव्हते. रीमाच्या कोपराचा मात्र चुरा झाला. आजही ती त्या हाताने हंडा उचलू शकत नाही.

अंगात ताप असतानाच उत्तम आला. त्याने पांढरा तुकडा चिमटीत धरला, त्याचा भुगा झाला. तो तडक शेडमध्ये गेला आणि वरसाव्याला जायला रचलेले अडतीस तक्ते त्याने एकेका घावात फोडले. पराग दारात उभा राहून रडत होता. "दादा, मला वाटलं..."

दोन महिन्यांनी मागच्या भिंतीसाठी जिजाबाईच्या दारात दोन नवे तक्ते आले, सालीत उकळलेले, तपकिरी. पहिला चौकटीत आवळून परागने हातोडा उचलला. जिजाबाईने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"माज्या बापसाच्या घरात जाळं ज्यानं इनलं त्यानंच ते पयलं अंगावर ओढून बघायचं. तू मागं उभा र्‍हा. कोपर टेकव, रीमाचं होतं तसं."

परागचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो तक्त्यामागे गेला आणि त्याने कोपर टेकवले. उंबऱ्यात रीमा डाव्या कडेवर बाळ घेऊन उभी होती. तिनेच मोठ्याने आकडे मोजले. बारावा घाव पडला तेव्हा जिजाबाई धापा टाकत होती. पराग बाहेर आला आणि कोपर चाचपत रीमाच्या पायाशी बसला.

त्या दिवशी उत्तमवरचा माझा राग गेला. त्याने मारले म्हणून मी टिकलो, आणि जिजाबाई वाचली. त्या दोन पांढऱ्यांना मात्र कोणीच मारले नव्हते.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही काहीतरी बनवाल, पूल, पाळणा, नाहीतर माझ्यासारखी भिंत. ते चकचकीत दिसले नाही तरी चालेल. पण दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी एकदा त्याच्यामागे स्वतः उभे राहा आणि कोपर टेकवा. मगच त्याला सांगा, आता तू झोप.