दोरीची उडी

१९७८ सालची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठत आली होती, पाळणेवाले लोखंडी नळ्या ट्रकवर चढवत होते, आणि त्याच दिवसांत होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर एक लहानसं विमान येऊन उभं राहिलं. काही हौशी मंडळींनी पॅराशूटनं उडी मारायला शिकवणारा क्लब काढला होता. विमान भाड्याचं, उन्हाळ्याआधी परत जाणारं. शिकवणारे मात्र इथलेच, शंकरप्पा सुभेदार. अक्कलकोटकडचे, फौजेत असल्याच उड्या मारून निवृत्त झालेले.

प्रभा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. गाव सांगोल्याच्या पुढं, राहायची सोलापुरात वसतिगृहावर. एनसीसीच्या परेडला येऊन शंकरप्पांनी कुणाला शिकायचंय म्हणून विचारलं, तेव्हा मुलींच्या रांगेतून दोनच हात वर गेले. एक प्रभाचा, दुसरा तिच्या खोलीतल्या गुरम्माचा. प्रभानं हात का वर केला, हे तिला पुढं आयुष्यभर नीट सांगता आलं नाही. गुरम्माला मात्र ठाऊक होतं. ती म्हणायची, पोळीभाजी करायच्या आधी एकदा तरी आभाळातून खाली बघून घ्यावं म्हणून.

शंकरप्पांनी पहिल्याच दिवशी शिकायच्या दोन रीती सांगितल्या. एक दोरीची. दोरीचं एक टोक विमानात अडकवलेलं, दुसरं पाठीवरच्या छत्रीला. आपण बाहेर पडलो की दोरीच छत्री ओढून उघडते, आपण काही करायचं नाही. दुसरी मुठीची. तिच्यात दोरीबिरी नाही, छातीपाशी एक मूठ असते, ती आपल्या हातानं ओढायची. दोरीला थोडे दिवस पुरतात, मुठीला सराव दुप्पट आणि डोकं थंड लागतं. ज्यानं त्यानं ठरवावं, पण घरच्यांना विचारून.

विचारायला आप्पा स्वतःच आले. प्रभाचे वडील जोतीराम, गाव त्यांना आप्पाच म्हणे. खांद्यावर घोंगडं, पायात करकरणाऱ्या वहाणा. विमानाकडं त्यांनी फारसं पाहिलं नाही. दोरी मागून घेतली, पायाखाली धरून दोन्ही हातांनी हिसडली, नवा कासरा घेताना बाजारात हिसडतात तशी.

"आमचा मोटंचा नाडा ह्याहून जाड असतोय," ते म्हणाले.

त्याला भरल्या मोटेचं वजन पेलायचं असतं, हिला नुसती छत्री उघडायचीय, असं शंकरप्पांनी हसून सांगितलं. आप्पांना एवढंच कळलं की दोरी पक्की आहे. विमान किती वर जातं हे त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. निघताना शंकरप्पांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "दोरी हाय म्हणून पोरगी देतो. दोरी न्हाय, तर पोरगी न्हाय."

झालं, रीत ठरली. आणि तिथंच घोळ सुरू झाला.

सरावासाठी धावपट्टीच्या कडेला विमानाच्या दारासारखी लाकडी चौकट उंचावर उभी केली होती. चौकटीला दोरी, दोरीचं टोक पाठीवरच्या ओझ्याला कच्च्या सुतानं बांधलेलं, हिसका बसला की तुटावं म्हणून. खाली वाळू. उडी मारताना दोन्ही हात पोटावरच्या जादा छत्रीवर दाबून धरायचे, एवढाच नेम. गुरम्माला तो चटकन जमला. प्रभाचे हात मात्र पाय सुटले रे सुटले की पाठीमागं जायचे आणि दोरी घट्ट पकडायचे. शंकरप्पांनी समजावलं, रागावले, एकदा तर हात पट्ट्यानं बांधले. पट्टा सोडला की हात पुन्हा दोरीकडं.

शेवटी त्यांनी तिला बाजूला बसवलं. वर जाऊन दोरी धरलीस तर हात खांद्यातून निखळेल, छत्री गुरफटेल, असं सरळ सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताला काहीतरी ओढायला लागतंय. मुठीची रीत घे. महिनाअखेरपर्यंत तयार करतो. फक्त वडिलांना परत आणून माझ्यासमोर उभं कर."

रविवारी पहिली उडी होती. तोवर हात सुधारले नाहीत, तर दोरीच्या उडीसाठी ते तिला विमानात चढू देणार नव्हते.

गुरम्माला हे सोपं वाटलं. मूठ घे, म्हणाली, आप्पा काय वर येऊन बघणारेत? प्रभाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर आप्पा काय म्हणतील हेही तिला ठाऊक होतं. गुरुवारी दुपारच्या एसटीनं ती गावी गेली.

कारण हात असे का करतात, हे तिला एव्हाना समजलं होतं. त्यांच्या गावात पोरं विहिरीत पोहायला शिकायची. पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून ढकलून देत. डबा पोराला तरंगवायचा, हातपाय आपले आपण मारायचे. तिचा थोरला भाऊ बाळू असाच शिकला. मुलीच्या बाबतीत मात्र आत्याचा धीर झाला नव्हता. गोजरआत्या, आप्पांची विधवा बहीण, घरातला सगळा कारभार तिचा. तिनं प्रभाच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि रोज, उडी मारायच्या आधी, एकच सांगितलं होतं: काय बी हूं दे, दोरी सोडू नगंस.

आत्यानं ज्वारी पाखडता पाखडता सगळं ऐकलं. मग सूप ठेवून म्हणाली, "मीच लावलंय म्हन की."

"तसं न्हाय, आत्ती."

"तसंच हाय. चल."

बहात्तरच्या दुष्काळात तळ दाखवलेली विहीर त्या साली अर्ध्यावर भरलेली होती. प्रभानं बाळूची जुनी चड्डी आणि सदरा चढवला. आत्यानं पूर्वीसारखीच कमरेला गाठ मारली. उडी, आणि हात दोरीवर. पुन्हा उडी, पुन्हा तेच. आत्या वरून म्हणाली, "हात न्हाईत, घोरपडी हाईत." मग ती घरात गेली आणि आपली कळशी घेऊन आली. लग्नात मिळालेली पितळी कळशी, सासरहून परत येताना तिनं बरोबर आणलेली तेवढी एकच वस्तू.

"ही पोटाशी धर. दोरीला हात लावलास तर कळशी गेली."

"बुडंल की, आत्ती."

"मग धरून ठेव."

प्रभानं उडी मारली. हात दोरीवर गेले. कळशी काठावरच्या दगडावर आपटली, पाण्यावर क्षणभर आडवी झाली, गटगट पाणी प्याली आणि दिसेनाशी झाली.

आत्या पायरीवर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. प्रभा त्या हिरव्या पाण्याकडं बघत राहिली आणि मग तिनं कमरेची गाठ सोडली. आत्या वरून नको नको म्हणत असतानाच दोरीचं सुटं टोक हातात धरून तिनं बुडी मारली. तळाशी चिखलात हात फिरवून कळशी शोधली, तिच्या गळ्याला दोरीची गाठ मारली आणि आपली ती मोकळीच वर आली. आत्यानं दोरी ओढली. दोरीला कळशी होती. प्रभा विहिरीच्या मध्यावर पाणी तुडवत उभी होती.

कळशीला पोच आला होता. आत्यानं त्यावरून बोट फिरवलं, पाणी ओतून टाकलं आणि कळशी प्रभाच्या हातात दिली. पुन्हा दोरी बांधली. या खेपेला हात कळशीवरच राहिले. आणि त्यानंतरही, दिवस मावळेपर्यंत, प्रत्येक खेपेला.

रविवारी सकाळी आप्पा आणि आत्या दोघं धावपट्टीवर आले. शनिवारी शंकरप्पांनी चौकटीवरून प्रभाला इतक्यांदा उडवलं होतं की गुरम्माला मोजून कंटाळा आला होता. हात हलले नव्हते. पहिली गुरम्मा गेली. मग प्रभा दारात बसली. खाली रेल्वेचे रूळ, गिरणीची चिमणी, सिद्धेश्वराच्या तळ्याचं चकाकणारं पाणी. पाठीमागं दोरी आहे, हे तिला समजत होतं. तिनं पोटावरची छत्री दोन्ही हातांनी आवळली, कळशी आवळावी तशी, आणि स्वतःला सोडून दिलं.

ती एका बाभळीशेजारी उतरली, गुडघा खरचटला, बाकी धड. ती धावत परत आली, तशी आत्या तिचे हातच चाचपून बघू लागली. आप्पा मात्र जमिनीवर बसलेले. ते अजून वर, परतणाऱ्या विमानाकडं बघत होते. त्याच्या दारातून रिकाम्या दोऱ्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

"दोरी विमानाकडंच ऱ्हायली," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, भुईला पाय लागंपतोर तू दोरीला असशील."

विहिरीत जशी असते तशी. प्रभाला हसू आलं. "तुमी इचारलंच न्हाय, आप्पा."

आप्पांनी घोंगडं झटकलं, उठले. शंकरप्पांपाशी जाऊन म्हणाले, "ती तुमची मुठीची काय रीत हाय, ती बी शिकवा हिला. दोरी असून नसून सारखीच की."

विमान जायच्या आधी प्रभानं मुठीच्या उड्याही मारल्या. पुढच्या हिवाळ्यात विमान आलं नाही, क्लब तिथंच थांबला. शंकरप्पा गावी जाऊन शेती बघू लागले. दसऱ्याला प्रभा त्यांना भेटायला जायची. शेवटच्या वर्षी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण तिला बघून त्यांनी दोन्ही हात पोटावर दाबून दाखवले. गुरम्मानं अक्कलकोटला शाळेत नोकरी केली आणि पोळीभाजीही भरपूर केली. आप्पांनी उतारवयात डाळिंबं लावली. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ते दोरीची गोष्ट सांगत, आणि आपण फसलो हेही सांगत. विहिरीला आता कठडा आणि जाळी आहे.

प्रभा केम गावच्या शाळेत मुलींना खेळ शिकवून निवृत्त झाली. गोजरआत्या गेली त्या वर्षी कळशी तिच्याकडं आली. तांबट पोच काढून देतो म्हणाला होता. तिनं काढू दिला नाही. कळशी भरून उचलताना अंगठा बरोबर तिथं बसतो.