मेणाची कणी

कारखान्यात त्याला सगळे लोणी म्हणत. एकोणतीस वर्षं तो अंगाला लावायचं क्रीम घोटत आला होता, आणि उजव्या हाताच्या पाठीवर चोळून त्याने ‘जमलं’ म्हटल्याशिवाय एकही घाणा डब्यात जात नसे. तपासनीस बाईंकडे यंत्र होतं, पण त्याही आधी याच्या तोंडाकडे बघत. आपल्याला त्याचं काही नाही, असं तो म्हणे. होतं.

बायको पाच महिने अंथरुणाला खिळलेली. कातडी कागदासारखी झालेली, कूस बदलली की चादर टोचे. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता दुखू द्यायचं नाही, एवढंच बघा, म्हणाले. दुकानातल्या क्रीमच्या वासानेही तिला मळमळे. तेव्हा हे एक काम तरी आपलं, असं लोणीच्या मनाने घेतलं.

एका पातेल्यात तेल आणि पाण्याशी जमवून घेणारं पांढरं मेण, दुसऱ्यात पाणी.

“पाणी मेणाइतकंच गरम हवं,” ओट्यापाशी उभा राहून तो पलंगावरच्या बायकोला सांगे. “गार पडलं की मेण जागच्या जागी गोठतं, कणी धरतं.”

“आणि हे मेण माझ्यात पाणी घालणार?”

“मेण कुठलं पाणी घालतंय. कातडीच्या पापुद्र्यांमधल्या फटी बुजवतं, आत आहे ते उडू देत नाही. म्हणून अंग ओलं असतानाच लावायचं.”

“म्हणजे द्यायचं काही नाही, नुसतं धरून ठेवायचं. तुमच्यासारखंच.”

तो हसला. ती टोमणे मारत होती तोवर त्याला धीर होता.

थर्मामीटर कारखान्यात. घरी त्याने दोन्ही पातेल्यांना हात लावून पाहिला. हात म्हणाला, सारखं. मग हाताच्या पाठीवर चोळलं. जमलं.

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तो तिची पाठ ओल्या फडक्याने पुसून क्रीम लावत राहिला. ती म्हणे, छान आहे. पाठीवर बारीक लाल रेघा उठल्या, त्या त्याने आजाराच्या खात्यावर टाकल्या आणि पुढच्या घाण्यात मेण वाढवलं.

रविवारी लेक आली. डब्यात बोट घातलं आणि थांबली.

“बाबा, हे खरखरतंय.”

“नाजूक हात तुझे. यातलं कळायला हात मुरावा लागतो.”

तिने खिडकीच्या काचेवर बोटाने क्रीम पसरलं. उजेडात पांढरे कण उभे राहिले, शेकड्यांनी. लोणीने त्यावरून हात फिरवला. गुळगुळीत. डावा फिरवला. तोही तसाच. कारखान्यातल्या तापलेल्या भांड्यांनी हातातली जाणीव नेमकी कोणत्या साली नेली, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. तिथे यंत्र होतं म्हणून निभावत आलं होतं.

तो पलंगापाशी गेला. “बोलली का नाहीस?”

“लावताना तुम्ही इतके खूश असायचात.” ती म्हणाली, “दुसरं काय उरलंय तुमच्याकडे, माझ्यासाठी करण्यासारखं?”

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून थर्मामीटर मागून आणला. नवा घाणा घोटला. लेकीने काचेवर पसरला. एकसारखा, दुधासारखा थर.

“जमलं,” ती म्हणाली. शब्द त्याचाच, पण तिच्या तोंडून.

लेकीने आईची पाठ ओली केली. लोणीने तळहातावर क्रीम घेतलं. “हे चांगलं आहे गं.”

“माहीत आहे,” भिंतीकडे तोंड करून बायको म्हणाली.

हात वीतभर लांब असतानाच तिची पाठ आखडली. त्याने आणखी थोडा पुढे नेला. तिने श्वास रोखून धरला.

पाठीवरचं पाणी सुकत चाललं होतं. त्याने डबा लेकीपुढे धरला, आणि तळहातावरचं क्रीम आपल्याच हाताच्या पाठीवर चोळत उभा राहिला. हाताला काहीच लागत नव्हतं.