पायाळूची लाथ

पडेगावचा फकिरा पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागं ठेवून पाय आधी बाहेर काढलेला. अशा माणसाची लाथ पाठीत बसली की उसण पळते, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण फकिराच्या पायाची बातच न्यारी. फर्दापूरचा एक जीपवाला वाकडा होऊन आला होता. लाथ बसली तशी त्याची उसण तर गेलीच, वर बाहेर उभ्या जीपच्या इंजिनाचा खडखडाटही थांबला. खोटं वाटत असेल तर जीपला विचारा.

पायाळूला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणतात. दौलताबाद रोडला प्लॉट पडू लागले, तसे बिल्डर फकिराला गाडीत घालून नेऊ लागले. तो अनवाणी फिरायचा, तळवा गार पडला की थांबायचा, तिथं बोअर. दुष्काळाच्या वर्षांत बोअरमधून नुसता फुफाटा उडाला, तेव्हा तो म्हणाला, पाणी हाय, पण एवढी माणसं बघून दबकून खाली गेलंय. लोकांना पटलं. फुफाट्यावर इमारती उठल्या आणि पाणी टँकरनं येऊ लागलं.

त्याच टँकरचा हंडा उचलताना फकिराच्या बायकोच्या, वच्छलाबाईच्या पाठीत चमक भरली.

त्या साली अख्खी गल्ली वाळून चिपाड झालेली. वच्छलाबाई तेवढी पोटानं नि तोंडानं गोल होत चाललेली. हातपाय मात्र काटक्या, आणि हंड्याचा काठ नुसता लागला तरी दंडावर निळं उमटायचं. शेजारची कडूबाई म्हणायची, बिल्डरचे पेढे लागले बाईला. फकिरालाही वाटायचं, सुख अंगी लागतंय.

घरच्या माणसाला लाथ मारायला त्याचा पाय उचलेना. पण दारात बाया जमलेल्या. जगाची उसण काढणारा बायकोला दवाखान्यात नेतो म्हटल्यावर काय राहिलं? वच्छलाबाईच रिवाजाप्रमाणं चौकट धरून पाठ करून उभी राहिली. फकिरानं पाय लावला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि ती चौकटीवरनं घसरत खाली बसली. मग तिला उठताच येईना.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर नीरजांनी विचारलं, तेव्हा कुणी बोलायच्या आत वच्छलाबाई म्हणाली, हंडा घेऊन पडले. दोन मणके चेपले होते. तपासता तपासता मूत्रपिंडाच्या वर सुपारीएवढी गाठ सापडली. डॉक्टरांनी समजावलं की ही गाठ कॉर्टिसॉल नावाचा रस करते. तो सगळ्यांच्याच अंगात असतो, लागतोही. यांच्यात जरासा जास्त आहे. पण जरासा का होईना, वर्षानुवर्षं राहिला तर नवं हाड बनायचं मंदावतं नि जुनं झिजत जातं. तोंडाची गोलाई, निळे डाग, बहुतेक त्याचेच. मशीनवर हाडं फार वाईट दिसत नाहीत, पण आतली वीण सैल झालेली असू शकते.

"असू शकते म्हणते मी," डॉक्टर म्हणाल्या. "हंड्यासकट पडलं तर चांगला मणकाही मोडतो. तसं असेल तर गाठीवर नुसती नजर ठेवू. न पडता मोडला असेल तर ती काढलेली बरी. नक्की पडल्या ना?"

वच्छलाबाईनं फकिराकडं डोळे वटारले. गप बसा. उशाशी कडूबाई डबा घेऊन उभी होती, म्हणजे पडेगावच उभं होतं.

"पडली नाय ती," फकिरा म्हणाला. "म्या लाथ मारली."

"किती जोरात?"

खरी गोची इथंच होती. जोरात म्हणावं तर पायाचं नाव राहतं, पण दोष हाडावरनं उठतो नि गाठ आत राहते.

"नुस्ता अंगठा टेकवला. म्या कुणालाच कधी जोरात मारली नाय, म्याडम. लोकंच वरडायची."

डॉक्टरांनी बाजूचं स्टूल दाखवलं, म्हणाल्या, तेवढाच जोर लावून दाखवा. फकिरानं लावला. स्टूल हललंसुद्धा नाही.

गाठ काढली. हाडं हळूहळू सावरतील, पण चेपलेले मणके पुन्हा उभे राहायचे नाहीत, असं सांगून घरी सोडलं. तोवर कडूबाईचं काम झालं होतं. पडेगाव सकाळी म्हणायचं, लाथेनं बायकोचा कणा मोडला. संध्याकाळी तीच तोंडं म्हणायची, पायात कधी दमच नव्हता. बिल्डरांनी पाचोडचा दुसरा पायाळू धरला. फकिराच्या दारात उसणवालं कुत्रंही फिरकेना.

"पडले म्हणलं व्हतं ना मी?" वच्छलाबाई खाटेवरनं म्हणाली. "तुमाला कुणी इचारलं व्हतं?"

"गाठ तशीच ऱ्हायली असती."

"ऱ्हायली असती तर ऱ्हायली असती. आता खायचं काय, तुमचा आंगठा?"

फकिराचं तोंड बघायचं नाही म्हणून ती भिंतीकडं वळायला गेली, पण तेवढंही तिचं तिला जमेना. कण्हत पडून राहिली. शेवटी फकिरानंच उठून, खांद्याला नि कमरेला धरून, तिला आपल्याकडं पाठ करून निजवलं.