सहा नळ्या आणि एक कढई

मला कुणी विचारलं की टोलोमुश, जगात सगळ्यात अवघड काम कोणतं, तर मी सांगेन, तापलेलं ॲल्युमिनियम गार होईपर्यंत गप्प बसणं. वेल्डिंग काय, कुणीही शिकतो. बिश्केकच्या या गॅरेजांच्या रांगेत बत्तीस वर्षं मी तेच करतोय आणि खरं सांगायचं तर आता वीट आलाय. डोळे चुरचुरतात, कंबर नुसती नावाला उरलीय. तरी कुबात आला तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही.

कुबात आमच्याच गल्लीतला, चौतीस वर्षांचा. सहा वर्षं मॉस्कोत टॅक्सी हाकून वसंतात परत आला. धाकटी मुलगी त्याला फोनवर 'काका' म्हणाली, त्या दिवशी त्यानं सामान बांधलं. इथं येऊन त्यानं आपल्या जुन्या मार्क-टू गाडीला भला मोठा टर्बो बसवला. अल्माटीचा एक गॅरेजवाला ती गाडी बघून गेला आणि म्हणाला, "शनिवारी जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीत चारशे मीटर अकरा सेकंदांच्या आत काढ, सोमवारपासून माझ्याकडे मुख्य मेकॅनिक." अल्माटी म्हणजे दर आठवड्याला घरी येता येतं. नाही जमलं तर पुन्हा मॉस्को, पुन्हा टॅक्सी.

"टोके," कुबात मंगळवारी येऊन म्हणाला (धाकटे मला आदरानं असंच म्हणतात), "टर्बो हवा ढकलतोय, पण कंपनीच्या मॅनिफोल्डच्या नळ्या अरुंद. इंजिनाचा श्वास कोंडतोय. नवीन बनवून द्या."

"शनिवारी शर्यत आणि आज येतोयस? मॅनिफोल्ड म्हणजे काय तंदूरमधली रोटी आहे?"

"तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

"हां, चढव मला हरभऱ्याच्या झाडावर."

चढलो की हो मी! बुधवारी बोटभर जाडीची पट्टी कापली, तिला सहा भोकं पाडली. ही फ्लँज इंजिनाच्या हेडला चिकटून बसते. भोकांवर सहा नळ्या, नळ्यांवर हवेची पेटी, की झालं मॅनिफोल्ड. काम दिसायला सोपं, पण ॲल्युमिनियम तापलं की वाकतं आणि लांब पट्टी तर जास्तच वाकते. म्हणून मी भंगारातलं एक जुनं हेड ठेवलंय. फ्लँज त्याला नटबोल्टांनी आवळायची, वेल्डिंग करायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत बोल्टाला हात लावायचा नाही. हे मी किती जणांना शिकवलं असेल, देव जाणे.

गुरुवारी दुपारी चौथी नळी जोडून झाली आणि दारात कुर्मानाली म्हातारा उभा राहिला. आईकडून आमचा लांबचा नातेवाईक. मागे दोघांनी उचललेली कढई, बैल शिजेल एवढी, तळाला वीतभर चीर.

"टोलोमुश, उद्या भावाच्या वर्षाचं जेवण आहे. अडीचशे माणूस येणार. आणि ही बघ, आजच फुटली."

"अक्साकाल, तुम्ही वडीलधारे, बसा, चहा घ्या. टेबलावर काम आहे, तीन तासांत..."

"मेलेल्या माणसाला तू तीन तास थांबवणार?"

आता यावर काय बोलणार? आमच्याकडे मेलेल्याचं जेवण अडवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. टेबल माझ्याकडे एकच. त्यावरचं हेड मॅनिफोल्डसकट मला हलत नव्हतं. कढई आणणारे दोघे ती ठेवून पुढच्या कामाला पळाले होते. म्हाताऱ्याला हात लाव म्हणायची लाज वाटली. कुबातला फोन केला असता तर दहा मिनिटांत आला असता. पण मी दमलो होतो हो. दमलेल्या माणसाला फोन करण्यापेक्षा पाना फिरवणं सोपं वाटतं. मी बोल्ट सोडले, गरम मॅनिफोल्ड बाजूला ठेवलं, हेड ओढत खाली उतरवलं आणि कढई जोडायला घेतली. म्हातारा समाधानानं दाढी कुरवाळत चहा पीत बसला.

नंतर मी फ्लँज पुन्हा आवळली, उरलेल्या नळ्या आणि पेटी जोडली. शुक्रवारी सकाळी बोल्ट काढून सपाट पट्टी लावली. जिथून केस जाता कामा नये, तिथून व्हिजिटिंग कार्ड गेलं.

मिलिंगवाल्याकडे नेलं असतं तर त्यानं दुपारपर्यंत घासून सपाट केलं असतं. पण तेवढ्यात कुबात आला. त्यानं त्या सहा नळ्यांवरून असा हात फिरवला की पट्टी वाकल्याचं सांगवेना. "टोके, हे तर दागिन्यासारखं झालंय!" मी म्हणालो, "जाड गॅस्केट घाल." बस, एवढंच. बत्तीस वर्षांचा कारागीर आणि फट झाकायला जाड गॅस्केट! बोल्ट आवळल्यावर पट्टी सपाट बसली, पण सगळा ताण नळ्यांच्या सांध्यांत गेला. टर्बोचा पूर्ण दाब आला की सांधा उकलणार, तुकडा आत ओढला जाणार. दोनशेच्या वेगात इंजिन जाम झालं तर मागची चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी उलटते. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी घरी जाऊन जेवलो.

शनिवारी धावपट्टीवर ऊन तापलं होतं. अल्माटीवाला घड्याळ घेऊन कडेला उभा. कुबातची बायको बेगिमाय दोन्ही मुलींना घेऊन आलेली. कुबात माझ्यासमोर आला, तळवे उघडून उभा राहिला. "टोके, दुवा द्या."

वडीलधाऱ्यानं दुवा द्यायची, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे आणि मग निघायचं. मी तळवे उघडले. धाकटीनंही माझ्याकडे बघून इवलेसे तळवे उघडले.

"गाडी काढू नकोस," मी म्हणालो.

"काय?"

"फ्लँज वाकलीय. गरम असताना सोडली मी. सांधा उकलेल."

कुबातला आधी ती चेष्टा वाटली. मग त्यानं माझा चेहरा पाहिला. "तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल सकाळी!" तो एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवली. बेगिमायनं खिडकीतून हात घातला, इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत धरून मागे सरली. "मॉस्कोतून निदान फोन तरी येतो रे," ती म्हणाली. कुबात स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. अल्माटीवाल्यानं दहा मिनिटं वाट पाहिली, मग तो दुसऱ्या एका मुलाशी बोलायला गेला.

नऊ दिवसांनी मॉस्कोला निघालेला कुबात बॅग घेऊन गॅरेजात आला. मी स्टूल पुढे केलं, पण तो बसला नाही. गाडीची किल्ली त्यानं टेबलावर ठेवली.

"गाडी इथंच ठेवतो, टोके. नवीन मॅनिफोल्ड बनवा. आता घाई नाही. पाहिजे तेवढं गार होऊ द्या."

त्यानं आवाज चढवला नाही. उलट वाकून, दोन्ही हातांनी माझा हात धरून निरोप घेतला. त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मला रात्री झोप तरी लागली असती.